शुल्क माफ, मुक्काम महाग: सांताक्रूझच्या सार्वजनिक विद्यापीठाचे प्रकरण

सार्वजनिक विद्यापीठ परवडते की नाही, हे ठरवताना आपण बहुधा शुल्काचा आकडा पाहतो. विद्यापीठ ज्या गावात आहे त्या गावाचे भाडे कोणी पाहत नाही, कारण ते विद्यापीठाच्या माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापलेले नसते आणि विद्यापीठही ते आपल्या हिशेबात धरत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ परिसराचे प्रकरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. तेथे शुल्क दशकभर जवळपास स्थिर राहिले, गरीब कुटुंबांना ते माफही झाले, आणि तरीही विद्यार्थ्यांना मोटारीत झोपावे लागले, खोल्यांत गर्दी करून राहावे लागले, अखेर अध्यापन सहायकांना संप करावा लागला. यात कोणा एकाचा खलनायकी हेतू शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. विद्यापीठ, नगरपालिका, जुने रहिवासी आणि न्यायालय या सर्वांनी आपापल्या नियमांनुसार, आपापल्या गतीने काम केले; मात्र ही गती दशकांची होती आणि विद्यार्थ्याचा मुक्काम चार वर्षांचा होता. पदव्युत्तर विद्यार्थ्याचा तर कधी दोनच वर्षांचा.

ठिकाण आणि त्याची घडण

सांताक्रूझ हे माँटेरे उपसागराच्या उत्तर टोकावरील किनाऱ्याचे शहर आहे. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे ६३,००० भरली, आणि विद्यापीठात शिकणाऱ्यांची संख्या १९,००० च्या आसपास आहे. विद्यापीठाचा परिसर शहराच्या डोक्यावर, पूर्वीच्या कॉवेल रँचच्या सुमारे २,००० एकर जमिनीवर, कुरणे आणि रेडवूडच्या जंगलात पसरलेला आहे. सांताक्रूझ डोंगररांग ओलांडणारा हायवे १७ पकडला की पलीकडे सॅन होजे आणि सिलिकॉन व्हॅली लागते. तिकडचे पगार घेणारी माणसे इकडे समुद्रकाठी घर घेतात, सुटीसाठी येणाऱ्यांना भाड्याने देण्यात घरमालकांना अधिक पैसा मिळतो, आणि याच घरांसाठी अर्धवेळ काम करणारा वीस वर्षांचा विद्यार्थीही उभा असतो. अशा बाजारात कोणाला घर मिळणार हे सांगायला अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही.

घरे नव्याने का बांधली गेली नाहीत, याचे उत्तर १९७० च्या दशकात आहे. सांताक्रूझ परगण्याच्या मतदारांनी १९७८ मध्ये ‘मेझर जे’ हा वाढ मर्यादित करणारा ठराव मंजूर केला आणि शहराने १९७९ मध्ये ‘मेझर ओ’ द्वारे भोवतालचा हरितपट्टा राखून ठेवला. शहराचे पाणी सॅन लॉरेन्झो नदी आणि लॉख लोमंड जलाशय अशा स्थानिक स्रोतांतून येते, बाहेरून आणलेले नसते, त्यामुळे प्रत्येक नव्या इमारतीबरोबर पाण्याचा प्रश्न खरोखरच उभा राहतो. हे ठराव म्हणजे निव्वळ श्रीमंतांचा स्वार्थ होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण किनारा आणि डोंगरउतार काँक्रीटपासून वाचवण्याची ती चळवळ होती, आणि १९७१ मध्ये मतदानाचे वय अठरा झाल्यावर विद्यार्थी मतदारांनीही तिच्या राजकारणाला मोठे बळ दिले. त्या पिढीने जे राखले त्याची किंमत तिच्याच विद्यापीठात पुढे आलेल्या पिढ्यांनी भाड्याच्या रूपाने चुकवली. परंतु त्या वेळी कुरण वाचवणाऱ्याला पन्नास वर्षांनंतरचे भाडे दिसणे शक्य नव्हते.

विद्यापीठाची मूळ कल्पनाच निवासी होती, हे येथे विसरून चालत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे तत्कालीन अध्यक्ष क्लार्क कर आणि सांताक्रूझचे पहिले कुलपती डीन मॅकहेन्री यांनी मोठ्या संस्थेत लहान निवासी महाविद्यालयांची रचना केली, ज्यांत विद्यार्थी राहतील, जेवतील आणि शिकतील. कॉवेल, स्टीव्हन्सन, क्राउन, मेरिल अशी ही महाविद्यालये एकामागून एक उभी राहिली. गंमत अशी की १९६५ मध्ये दाखल झालेल्या पहिल्या तुकडीतील ६५२ विद्यार्थी आले तेव्हा वसतिगृहाच्या इमारती पूर्ण झालेल्या नव्हत्या, आणि त्यांची सोय ट्रेलरमध्ये करावी लागली. तात्पुरत्या निवाऱ्याची ही परंपरा पुरती संपली नाही. पुढे परिसरातच ४२ ट्रेलरांचा एक ‘कॅम्पर पार्क’ चालवला गेला आणि स्वस्त म्हणून त्यात जागा मिळवण्यासाठी विद्यार्थी प्रतीक्षायादीत नावे घालत राहिले. स्थापनेच्या वेळच्या आराखड्यात १९९० पर्यंत २७,५०० विद्यार्थ्यांचा परिसर कल्पिला होता. तितके विद्यार्थी आजही तेथे नाहीत, पण जेवढे आले त्यांच्यापैकी सुमारे निम्म्यांनाच परिसरात खाट मिळते.

खर्चाची रचना

कॅलिफोर्नियाच्या १९६० च्या उच्च शिक्षण आराखड्याचे तत्त्व असे होते की राज्यातील रहिवाशाला शिकवणी शुल्क नसावे. ते तत्त्व काळाच्या ओघात गळून पडले, शुल्क आले आणि वाढले. मात्र २०११ नंतरच्या दशकात ते जवळपास गोठवलेले होते. २०१९-२० मध्ये रहिवासी पदवी विद्यार्थ्याचे विद्यापीठव्यापी शुल्क वर्षाला १२,५७० डॉलर होते, आणि ‘ब्लू अँड गोल्ड’ योजनेनुसार वार्षिक उत्पन्न ८०,००० डॉलरपेक्षा कमी असणाऱ्या पात्र कुटुंबातील विद्यार्थ्याला ते स्वतःच्या खिशातून भरावे लागत नव्हते. राजकीय दृष्ट्या हे मोठे यश होते आणि त्याची जाहिरातही तशीच झाली.

परंतु ती योजना शुल्काची हमी देते. खोलीची, जेवणाची किंवा बसभाड्याची देत नाही. सांताक्रूझमध्ये परिसरातील खोली आणि भोजन यांचाच वार्षिक खर्च या शुल्काहून अधिक होता. म्हणजे ज्या भागावर विधिमंडळात चर्चा होते, ज्याच्या वाढीविरुद्ध मोर्चे निघतात आणि ज्याला माफी मिळते, तो भाग एकूण खर्चाचा लहान तुकडा ठरला, आणि मोठ्या तुकड्यावर कोणाचेच नियंत्रण राहिले नाही. इतर शिष्यवृत्त्या आणि कर्जे राहण्याच्या खर्चासाठी वापरता येत असत, हे खरे. पण त्यांचा अंदाज वर्षाच्या सुरुवातीला ठरतो आणि भाडे घरमालक ठरवतो.

‘नॅशनल लो इन्कम हाउसिंग कोअॅलिशन’ ही संस्था दरवर्षी देशभरातील भाड्यांची आणि मजुरीची तुलना प्रसिद्ध करते. तिच्या २०२३ च्या अहवालात सांताक्रूझ–वॉटसनव्हिल हा भाग देशात सर्वांत महाग ठरला: दोन शयनकक्षांचे साधे घर उत्पन्नाच्या तीस टक्क्यांत परवडायचे असेल, तर पूर्णवेळ कामासाठी ताशी ६३.३३ डॉलर मिळायला हवेत. त्या वर्षी राज्याचे किमान वेतन ताशी १५.५० डॉलर होते. सॅन फ्रान्सिस्को किंवा न्यूयॉर्क यांना मागे टाकून एका छोट्या विद्यापीठनगरीने पहिला क्रमांक घेतला. हा क्रमांक केवळ भाड्यावरून ठरतो, पण विद्यार्थ्याची अडचण भाडे एवढीच नाही. सॅन फ्रान्सिस्कोत भाडे जवळपास तेवढेच असले तरी तिथे नोकऱ्या आणि पगारही आहेत. सांताक्रूझमध्ये भाडे महानगराचे आणि रोजगार पर्यटनाच्या गावाचा, अशी विषम जोडी आहे. अभ्यास सांभाळून विद्यार्थ्याला मिळणारे काम कॉफीच्या दुकानात, समुद्रकाठच्या मनोरंजनस्थळी किंवा ग्रंथालयात असते, आणि त्याच्या कमाईने खोलीचा अर्धा हिस्साही निघत नाही.

विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिल्यास

नव्या पदवी विद्यार्थ्याला या काळात दोन वर्षांच्या निवासाची हमी असे, दुसऱ्या महाविद्यालयातून बदलून आलेल्याला एका वर्षाची. हमीची ही दोन वर्षेही प्रशस्त नसत. मागणी वाढत गेली तशी दोघांच्या खोलीत तिघांची, काही ठिकाणी चौघांची सोय करण्यात आली आणि सामायिक बैठकीच्या खोल्यांचे शयनगृहांत रूपांतर झाले. निवासी महाविद्यालयाच्या मूळ कल्पनेत ज्या खोलीत गप्पा, वाचन आणि वादविवाद व्हायचे, तीच खोली खाटांनी भरली, हा तपशील मला या प्रकरणातील सर्वांत बोलका वाटतो: खाटांची संख्या वाढल्याची नोंद झाली, पण गमावलेल्या बैठकीची नोंद कुठल्याही तक्त्यात नाही.

खरी कसोटी तिसऱ्या वर्षी लागते. सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या वर्षासाठी घर वसंत ऋतूतच शोधावे लागते, म्हणजे परीक्षांच्या तोंडावर. घरमालक सहसा बारा महिन्यांचा करार मागतो, मग शिक्षणवर्ष नऊ महिन्यांचे असले तरी चालते. उन्हाळ्यात घर रिकामे राहिले तर भाडे भरा किंवा पोटभाडेकरू शोधा. अनामत रक्कम, पहिल्या महिन्याचे भाडे, आणि भाड्याच्या कित्येक पट उत्पन्न असलेला जामीनदार हवा. ज्याचे पालक स्वतःच भाड्याच्या घरात राहतात, त्याला असा जामीनदार कुठून मिळणार? म्हणून पाच-सहा जण मिळून तीन खोल्यांचे घर घेतात, बैठकीच्या खोलीत पडदा लावून आणखी एकाची सोय होते, आणि करारातील नावांपेक्षा राहणारी माणसे अधिक असतात. अशा घरात गळती झाली, बुरशी लागली किंवा हीटर बंद पडला, तरी तक्रार करायला कोणी धजत नाही, कारण तपासणी झाली तर आधी अनधिकृत रहिवासीच बाहेर पडतील. भाड्याचा आकडा मोजता येतो. या गप्प बसण्याची किंमत मोजता येत नाही.

शहरात जागा मिळाली नाही तर विद्यार्थी दूर सरकतात. दक्षिणेला वॉटसनव्हिल, डोंगरात स्कॉट्स व्हॅली, फेल्टन, बोल्डर क्रीक. विद्यार्थी शुल्कातून बसचा पास मिळतो, परंतु वॉटसनव्हिलहून येणारी बस हायवे १ च्या गर्दीत अडकते आणि शहरातून टेकडीवर चढणाऱ्या बस सकाळी इतक्या भरलेल्या असतात की काही थांब्यांवर त्या थांबतच नाहीत. मुंबईच्या विद्यार्थ्याला या वर्णनात नवे काही वाटणार नाही. फरक एवढाच की विरार किंवा बदलापूरहून येणाऱ्याला गाडी तरी वेळेवर असते आणि रात्री उशिरापर्यंत असते. सांताक्रूझमध्ये संध्याकाळच्या वर्गानंतरची शेवटची बस चुकली तर मित्राच्या घरच्या सोफ्यावर रात्र काढण्यावाचून गत्यंतर नसते.

जे सोफ्यावरही राहू शकत नाहीत ते वाहनात राहतात. कॅलिफोर्निया विद्यापीठानेच २०१७ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या अहवालात, सर्व परिसरांचा मिळून, ४४ टक्के पदवी विद्यार्थ्यांना पुरेशा अन्नाची शाश्वती नसल्याचे आणि ५ टक्क्यांना काही काळ बेघर अवस्थेत राहावे लागल्याचे नमूद आहे. सांताक्रूझमधील काही विद्यार्थ्यांनी परिसराच्या वाहनतळात रात्री निर्धोकपणे थांबू द्यावे, अशी मागणी केली. विद्यापीठाच्या नियमांनुसार तेथे वाहनात झोपण्यास मनाई होती. शहरातही रस्त्याकडेला मोठ्या वाहनांत रात्र काढण्यावर निर्बंध आणणारा ठराव नगरपालिकेने २०२१ मध्ये केला. दोन्ही संस्थांच्या नियमांमागे सुरक्षिततेचे कारण होते. मात्र दोन्ही नियम एकत्र वाचले, तर वाहनात राहणाऱ्या विद्यार्थ्याने रात्री नेमके कुठे असावे, हे त्यांपैकी एकही सांगत नाही.

मधल्या काळात उपाय झालेच नाहीत असे नाही. परिसरात अन्नपेढी सुरू झाली, अन्नसाहाय्याचे अर्ज भरून देणारे कर्मचारी नेमले गेले, आणि २०१८ मध्ये विद्यापीठाने प्राध्यापक व कर्मचाऱ्यांना आपल्या घरातील रिकामी खोली विद्यार्थ्याला भाड्याने द्यावी असे आवाहन केले. या आवाहनाची बरीच थट्टा झाली. माझ्या मते थट्टेपेक्षा त्यातील कबुली महत्त्वाची होती, कारण संस्थेने निवासाची जबाबदारी आपल्या अंदाजपत्रकातून उचलून कर्मचाऱ्यांच्या सौजन्यावर टाकली होती, आणि ते कर्मचारीही त्याच भाड्याच्या बाजारात अडकलेले होते.

खाटा आणि खटले

विद्यापीठाने २००५ मध्ये दीर्घकालीन विकास आराखडा केला. त्यावर शहर, परगणा आणि रहिवाशांच्या गटांनी दावे लावले. २००८ मध्ये समझोता झाला. त्यानुसार विद्यार्थिसंख्या १९,५०० वर थांबवायची आणि १५,००० च्या पुढे वाढणाऱ्या संख्येपैकी ६७ टक्क्यांची निवास व्यवस्था परिसरात करायची असे ठरले. कागदावर हा समझोता न्याय्य होता. प्रत्यक्षात विधिमंडळ अधिकाधिक रहिवासी विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याचा आग्रह धरत राहिले आणि खाटा मागे पडल्या.

ही तूट भरून काढण्यासाठी २०१७ मध्ये ‘स्टुडंट हाउसिंग वेस्ट’ हा सुमारे ३,००० खाटांचा प्रकल्प मांडला गेला. ठरलेल्या जागेचा काही भाग कॅलिफोर्निया रेड-लेग्ड फ्रॉग या संरक्षित बेडकाच्या अधिवासामुळे वापरता येईना, म्हणून विवाहित आणि मुले असलेल्या विद्यार्थ्यांची घरे परिसराच्या प्रवेशद्वाराजवळील पूर्व कुरणात हलवण्यात आली. हे कुरण अनेक माजी विद्यार्थी आणि प्राध्यापकांच्या दृष्टीने परिसराची ओळख होते, मोकळ्या उतारावरून थेट समुद्र दिसणारी जागा. त्यांनी पर्यायी जागा सुचवल्या आणि राज्याच्या पर्यावरण गुणवत्ता कायद्याखाली न्यायालयात धाव घेतली. विद्यापीठाच्या नियामक मंडळाने, म्हणजे रीजंट्सनी, मार्च २०१९ मध्ये प्रकल्प मंजूर केला होता. २०२० मध्ये न्यायालयाने मंजुरीच्या प्रक्रियेतील त्रुटींमुळे ती मंजुरी रद्द केली. मार्च २०२१ मध्ये मंडळाने ती नव्याने दिली. त्यानंतरही दावे चालू राहिले.

विरोधकांचा युक्तिवाद पोकळ नव्हता. विद्यापीठाने घाईत निवडलेली जागा सर्वोत्तम नव्हती, आणि प्रकल्प खासगी भागीदारीतून उभारल्यास तेथील भाडेही स्वस्त राहील याची खात्री नव्हती. पण २०१७ मध्ये प्रवेश घेतलेला विद्यार्थी २०२१ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला तेव्हा त्या प्रकल्पातील एकही खाट तयार नव्हती, हेही तितकेच खरे. कुरणाची बाजू मांडणारे माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक गावात दशकानुदशके राहतात. त्यांना सुनावण्यांना जाता येते, वकील नेमता येतो, निकालाची वाट पाहता येते. सध्याचा विद्यार्थी सुनावणीला गेलाच तर तो आपल्या नव्हे, आपल्यानंतर येणाऱ्या कोणा अनोळखी विद्यार्थ्याच्या खोलीसाठी बोलत असतो. कायद्याने सर्वांना समान दाद दिली. वेळ मात्र समान दिला नाही.

मतपेटीतही हेच घडले. जून २०१८ मध्ये शहरातील सुमारे तीन चतुर्थांश मतदारांनी विद्यापीठाने १९,५०० च्या पुढे वाढू नये असा कौल दिला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शहरातील भाडेनियंत्रणाचा ‘मेझर एम’ प्रस्ताव मोठ्या फरकाने फेटाळला. दोन्ही निकाल शेजारी ठेवले, तर विद्यार्थ्यांनी जास्त येऊ नये आणि आलेल्यांचे भाडे मर्यादित होऊ नये, असा एकत्रित अर्थ निघतो. मतदारांनी तो अर्थ मनात धरून मत दिले असेल असे नाही. तरीही विद्यार्थ्याच्या खिशावर परिणाम झाला तो या एकत्रित अर्थाचाच. नंतर ऑगस्ट २०२० मध्ये सीझेडयू लाइटनिंग कॉम्प्लेक्स वणव्यात डोंगरातील ९०० हून अधिक घरे जळाली. विद्यार्थी ज्या स्वस्त वस्त्यांकडे सरकत होते, त्यांतील काही याच भागात होत्या, आणि घर गमावलेली कुटुंबेही आता त्याच भाड्याच्या घरांसाठी रांगेत आली.

१,४१२ डॉलर

या प्रकरणाला देशभर प्रसिद्धी मिळाली ती पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या संपामुळे. अध्यापन सहायक म्हणून काम करणाऱ्या विद्यार्थ्यांचे वेतन कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सर्व परिसरांत एकाच करारानुसार ठरत असे. सांताक्रूझमध्ये ते कर कापण्यापूर्वी महिन्याला सुमारे २,४०० डॉलर होते आणि वर्षातून नऊच महिने मिळत होते. डिसेंबर २०१९ मध्ये तेथील सहायकांनी सत्राचे गुण जाहीर करण्यास नकार दिला आणि दरमहा १,४१२ डॉलरची महागाई भरपाई मागितली. हा आकडा हवेतून आलेला नव्हता: याच विद्यापीठाच्या रिव्हरसाइड परिसरातील, म्हणजे स्वस्त गावातील, सहायकाच्या पगारातील जेवढा हिस्सा भाड्यात जातो, तेवढाच सांताक्रूझमध्ये जावा, यासाठी किती रक्कम लागेल, याचा तो हिशेब होता. समान काम, समान पगार आणि असमान गाव, ही या प्रकरणातील अडचण एका संख्येत मांडण्याचे कसब मला त्यात दिसते.

संप संघटनेच्या मान्यतेशिवायचा होता, कारण २०१८ च्या करारात संप न करण्याचे कलम होते. सांताक्रूझच्या सदस्यांनी त्या करारावरच बहुमताने नापसंती नोंदवली होती, पण राज्यभराच्या बेरजेत तो मंजूर झाला. विद्यापीठाचा पवित्रा असा की एका परिसरासाठी करार पुन्हा उघडला तर इतर नऊ परिसरांशी काय करायचे? जानेवारी २०२० मध्ये सांताक्रूझच्या प्रशासनाने गरजूंना वर्षाला २,५०० डॉलरची निवासमदत देऊ केली. ती मागितलेल्या रकमेच्या दोन महिन्यांएवढीही नव्हती. १० फेब्रुवारीपासून अध्यापनही थांबले, प्रवेशद्वाराशी झालेल्या निदर्शनांत सतरा जणांना अटक झाली आणि महिनाअखेरीस पन्नासहून अधिक सहायकांच्या पुढील नेमणुका काढून घेण्यात आल्या. परदेशी विद्यार्थ्यांसाठी हा धोका दुहेरी होता, कारण नेमणूक गेली की शुल्कमाफी जाते, शुल्क भरता आले नाही की नोंदणी जाते, आणि नोंदणीवरच व्हिसा अवलंबून असतो. मार्चमध्ये साथीमुळे परिसर ओस पडला आणि आंदोलनाची धार गेली. ऑगस्टमधील समझोत्यानंतर बडतर्फ झालेल्यांपैकी बहुतेकांना पुन्हा नेमणुकीस पात्र मानण्यात आले. सर्वांत गैरसोय झालेला गट मात्र पदवी विद्यार्थ्यांचा होता, ज्यांचे गुण अडकले आणि ज्यांच्यापैकी अनेक जण स्वतःही त्याच भाड्याखाली दबलेले होते.

महाराष्ट्रातून पाहताना

सांताक्रूझला संगणकशास्त्र आणि अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी भारतातून, महाराष्ट्रातूनही, विद्यार्थी जातात. त्यांना रहिवाशाची सवलत नाही आणि ‘ब्लू अँड गोल्ड’ योजनाही लागू नाही. व्हिसासाठी मिळणाऱ्या आय-२० या कागदावर राहण्याच्या खर्चाचा अंदाज लिहिलेला असतो आणि बँक शैक्षणिक कर्जही त्याच आकड्यावर मंजूर करते. तो आकडा सरासरीचा असतो आणि सप्टेंबरात प्रत्यक्ष मिळणारी खोली सरासरीची नसते. अमेरिकेत पतइतिहास नसल्याने घरमालक जादा अनामत किंवा स्थानिक जामीनदार मागतो, आणि सत्र चालू असताना परिसरातच आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करण्याची मुभा असल्याने तूट भरून काढण्याचे मार्ग मोजकेच उरतात. पुण्यात किंवा नाशिकमध्ये बसून प्रवेश पक्का करताना पालक विद्यापीठाचा क्रमांक आणि शुल्क विचारतात. त्या गावात एका खोलीचे भाडे किती, आणि ती खोली मिळायला किती महिने लागतात, हे प्रश्नही त्याच बैठकीत विचारायला हवेत.

आपल्याकडचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. मुंबई विद्यापीठाचा विद्यानगरी परिसर, योगायोगाने, सांताक्रूझ पूर्वेलाच आहे. राज्य शासनाने अनुसूचित जातींच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ मध्ये सुरू केलेल्या भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत, शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्याला मुंबई आणि पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये देण्याचे ठरले. त्यांतील ३२,००० भोजनासाठी, २०,००० निवासासाठी आणि ८,००० निर्वाहासाठी होते. निवासाच्या रकमेला बाराने भागले की महिन्याला १,६६७ रुपयांपेक्षा कमी पडतात. एवढ्यात कलिना, कुर्ला किंवा सांताक्रूझ परिसरात खाटेपुरतीही जागा मिळेल का, हे तेथे राहणाऱ्या कोणालाही विचारावे. तरीही या योजनेने एक गोष्ट केली आहे जी कॅलिफोर्नियाच्या शुल्कमाफीने केली नाही: निवास हा शिक्षणाच्या खर्चाचा वेगळा घटक मानला आणि महाग शहरासाठी वेगळा दर ठरवला. दर चुकला, पण रकाना योग्य आहे.

सध्याची स्थिती

नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील सुमारे ४८,००० शैक्षणिक कर्मचाऱ्यांनी, या वेळी संघटनेच्या मान्यतेने, संप केला आणि डिसेंबरअखेर करार झाला. अर्धवेळ अध्यापन सहायकाचे किमान वार्षिक वेतन ऑक्टोबर २०२४ पर्यंत ३४,००० डॉलरवर जाणार होते. गावानुसार वेतन वेगळे असावे हे तत्त्वही त्यात प्रथमच मान्य झाले: बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को या परिसरांना ३६,५०० डॉलर. मागणी ज्या गावातून उठली आणि जे गाव पुढच्याच वर्षी देशातील सर्वांत महाग ठरले, ते सांताक्रूझ या यादीत नव्हते. तेथील बहुसंख्य सदस्यांनी हाही करार नाकारला होता.

विद्यापीठाच्या २०२१ च्या नव्या विकास आराखड्यात २०४० पर्यंत २८,००० विद्यार्थ्यांचे लक्ष्य आहे, आणि १९,५०० च्या पुढील प्रत्येक पूर्णवेळ विद्यार्थ्यासाठी परिसरात निवास उभारण्याचे आश्वासन आहे. शहर आणि परगणा त्यावरही न्यायालयात गेले, कारण हे आश्वासन बंधनकारक करावे, अशी त्यांची मागणी होती. ही मागणी रास्त आहे. मात्र आश्वासन पूर्णपणे पाळले गेले तरी ते वाढीव संख्येपुरतेच लागू होते. त्याआधीच्या १९,५०० पैकी जे आज परिसराबाहेर राहतात, त्यांच्यासाठी त्या आराखड्यात तसे कोणतेही वचन नाही.